बारा वाट्यांचं राजेशाही पान: कोरियाच्या मुदपाकखान्याची ओळख

कोरियाच्या राजाच्या जेवणाला ‘सुरा’ म्हणत. आपण ज्या दारूला सुरा म्हणतो तिचा इथे काही संबंध नाही. साधा भातसुद्धा राजापुढे आला की त्याची सुरा व्हायची. हा शब्द मंगोल भाषेतून आला असं मानतात आणि तिथे त्याचा अर्थ होता सूप. तेराव्या-चौदाव्या शतकात कोरियावर मंगोलांचा वचक होता, तेव्हा तो राजवाड्यात शिरला आणि पुढे १३९२ ते १९१० एवढा काळ राज्य केलेल्या जोसॉन घराण्यानेही तो तसाच ठेवला. आज ‘कोरियन दरबारी जेवण’ म्हणून जे काही शिकवलं जातं ते मुख्यतः याच घराण्याचं.

ज्यांनी कोरियन जेवण फक्त मालिकांतून किंवा शहरातल्या हॉटेलातून पाहिलंय त्यांना पहिला धक्का बसतो तो रंगाचा. पानात लाल फारसं काही दिसत नाही. मिरची कोरियात पोहोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे घराणं दोनशे वर्षांचं झाल्यावर. राजवाड्याने तिला घरात घेतलं, पण ओसरीवरच बसवलं. वाळलेली लाल मिरची दोऱ्यासारखी बारीक कापून वरून चार तंतू ठेवायचे, बहुतेक पदार्थांत एवढाच तिचा मान. चव येते ती मुरलेल्या सोया सॉसने, तिळाच्या तेलाने, भाजलेल्या तिळाने, पातीच्या कांद्याने, लसणाने आणि थोड्या मिऱ्याने. अपवाद राजा यॉंगजोचा. १७६८ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्याने सांगितलं की पाइनखाली उगवणारी सोंगी अळंबी, ताजे अबलोन शिंपले, कोवळा फेझंट पक्षी आणि गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी, हे चार असले की जेवण जातं. दरबारच्या सचिवालयाच्या रोजनिशीत हे नोंदलेलं आहे. म्हाताऱ्या माणसाला तोंडाला चव हवी असते, राजा असला तरी.

पान मांडायची रीत

राजाच्या जेवणासाठी तीन मेजं लागत. पहिलं मोठं, गोल, लाल लाखेचं. त्यावर राजाचा भात, सूप आणि बहुतेक सगळे पदार्थ. दुसरं त्याच्याच बाजूला, लहान गोल. तिसरं चौकोनी, त्याशेजारी शेगडी, आणि तिथे राजासमोरच रस्सा शिजत असे. तिन्ही मेजांपाशी एकेक सांगगुंग बसे. सांगगुंग म्हणजे राजवाड्यातली वरच्या दर्जाची सेविका. एक जण प्रत्येक पदार्थ आधी चाखून बघे, एक झाकणं काढून पदार्थ पुढे सरकवे, तिसरी शेगडी सांभाळे.

चमचा आणि काड्या चांदीच्या. चांदी विष ओळखते असं मानत, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. जुन्या पद्धतीने काढलेल्या सोमलात गंधक राहून जाई आणि गंधकाने चांदी काळी पडते. पण मग उकडलेल्या अंड्यानेही ती काळी पडते, आणि गंधक नसलेल्या विषाला ती दाद देत नाही. चाखणाऱ्या बाईची गरज म्हणूनच संपली नाही. भांडी मात्र ऋतूप्रमाणे बदलत. पाचव्या चांद्रमासातल्या दानो सणापासून आठव्या महिन्यातल्या छुसॉक सणापर्यंत पांढरी चिनी माती, आणि उरलेलं वर्ष काशाची किंवा चांदीची. थंडीत काशाच्या भांड्यात जेवण गरम राहतं, एवढा साधा त्यामागचा विचार.

आता बारा वाट्यांचा हिशेब. तो नीट कळला नाही की सगळंच गोंधळाचं होतं, कारण मेजावर बारापेक्षा कितीतरी जास्त भांडी दिसतात. भात, सूप, किमची म्हणजे आंबवलेली भाजी, घट्ट रस्सा, वाफवलेलं मांस, शेगडीवरचा रस्सा आणि बुडवून खायच्या सॉसच्या वाट्या यांतलं काहीही मोजत नाहीत. ते पानात असणारच असं गृहीत. मोजतात ते बाकीचे: गरम भाजलेला एक पदार्थ आणि थंड भाजलेला एक, अंड्यात घोळवून तव्यावर परतलेले काप, उकडून दाबून कापलेलं मांस, शिजवलेली भाजी, कच्ची कोशिंबीर, सोया सॉसमध्ये आटवलेलं काहीतरी, सॉसमध्ये मुरवलेलं लोणचं, खारवलेले मासे किंवा कोळंबी, सुका पदार्थ, पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं आणि कच्च्या माशाचे काप. झाले बारा. यात एक शहाणपण आहे: एकच शिजवण्याची रीत फारशी परत येत नाही. आज मासा भाजला तर मांस उकडलेलं, मुळा कोशिंबिरीत गेला तर तोच भाजीत नको. मेनू ठरवणाऱ्याचं डोकं इथे कामाला लागे. सरदारांनी नऊपर्यंत जावं, बारा फक्त राजाला, अशी रीत सांगतात.

भात दोन प्रकारचा येई. एक पांढरा, दुसरा लालसर. लाल भातात चवळीसारख्या दिसणाऱ्या लाल अझुकी दाण्यांचं फक्त पाणी वापरत, दाणे बाजूला काढत. दोन्ही भात निखाऱ्यावर, सोपस्टोनच्या छोट्या भांड्यात, एकेका माणसापुरतेच शिजत. पांढऱ्या भाताबरोबर समुद्री शेवाळाचं सूप आणि लाल भाताबरोबर हाडामांसाचं सूप. राजाला त्या दिवशी जो हवा तो त्याने घ्यायचा.

खरंच बारा होत्या का?

इथे जरा थांबायला हवं. बारा वाट्यांचं हे चित्र आपल्याला मिळालंय ते घराण्याच्या अगदी शेवटच्या काळातल्या लोकांच्या आठवणीतून. जुनी कागदपत्रं वेगळंच सांगतात.

जोसॉन दरबाराला लिहून ठेवायची भारी हौस. प्रत्येक मोठ्या समारंभानंतर ‘उइग्वे’ नावाचं जाडजूड दफ्तर तयार होई आणि त्यात मिरवणुकीतल्या घोड्यांपासून तेलाच्या मापापर्यंत सगळं असे. २००७ साली युनेस्कोने ही दफ्तरं जागतिक स्मृती म्हणून नोंदवून घेतली. खाण्याच्या दृष्टीने त्यांतलं सोन्याचं पान म्हणजे १७९५ सालचं. राजा जॉंगजो आईच्या साठीनिमित्त तिला घेऊन आठ दिवसांच्या दौऱ्यावर निघाला, आजच्या सुवॉन शहराकडे, ज्याच्याजवळ त्याच्या वडिलांची समाधी होती. समारंभाची मेजवानी तर दफ्तरात आहेच, पण वाटेवरची रोजची जेवणंही वेळेनुसार नोंदली आहेत. त्यात राजाच्या पानावर सात भांडी आहेत. भात, सूप, किमची धरून सात! आईच्या पानावर मात्र त्याच्या दुपटीच्या आसपास. मुलगा राजा असला तरी वाढप आईला जास्त.

मेजवानीचं मेज हा वेगळाच प्रकार. आईच्या साठीच्या मेजावर सत्तर थाळ्या मांडल्या होत्या. तांदळाच्या वड्या, मिठाई, फळं यांचे मनोरे रचलेले, सगळ्यात उंच मनोरा दीड फुटाच्या घरात, आणि वर खोवलेली कापडी-कागदी फुलं. ते सगळं तिथे बसून खायचं नसेच. समारंभ संपला की मनोरे उतरवून नातेवाइकांना, अधिकाऱ्यांना वाटत. तेव्हा संग्रहालयात किंवा जाहिरातीत असा मनोरा दिसला तर ‘राजा रोज हे खायचा’ असं समजू नये. लग्नातल्या रुखवतावरून घरचं रोजचं जेवण ठरवण्यासारखं होईल ते.

उलट, कमी खाणं हे राजाचं कर्तव्यच होतं. प्रांताप्रांतातून जिन्नस नजराणा म्हणून येत, जेजू बेटावरून अबलोन आणि संत्री, किनाऱ्यावरून मासे, डोंगरातून अळंबी. पानात काय आलं नाही यावरून कुठे काय बिनसलंय ते राजाला कळावं, ही अपेक्षा. दुष्काळ पडला, पूर आला की राजा आपल्या पानातले पदार्थ कमी करायचा हुकूम काढे. यॉंगजोने तर याचं हत्यार केलं होतं. दरबारी गट आपसांत फार भांडू लागले की तो पानच नाकारायचा, आणि मग मंत्र्यांना नाक मुठीत धरून मनधरणी करावी लागे. तो ८१ वर्षं जगला. कमी खाल्ल्यामुळे जगला असं लोक सांगतात, ते सोडून द्या.

शिजवत कोण होतं

मालिकांमुळे डोळ्यापुढे येतात त्या हिरव्या-निळ्या पोशाखातल्या बाया. रोजच्या जेवणाच्या मुदपाकखान्यात त्या असतच, पण राजाच्या अन्नाची व्यवस्था पाहणाऱ्या ‘साओंगवॉन’ खात्यात पुरुष फार मोठ्या संख्येने होते. मेजवानीचा स्वयंपाक ‘सुकसु’ म्हणजे पुरुष आचारी करत. १६०५ सालच्या एका मेजवानीच्या चित्रात तात्पुरता मांडव टाकून चुलीवर काम करणारे पुरुष स्पष्ट दिसतात. ही आचाऱ्याची विद्या बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे जाई.

मुदपाकखाना राजाच्या खोल्यांपासून लांब, आगीच्या भीतीने. म्हणून खोल्यांजवळ एक मधलं स्वयंपाकघर असे. तिथे भात शिजे, लांबून आलेले पदार्थ पुन्हा गरम होत आणि राजाचं उरलेलं तिथेच येई. ते सेविकांचं जेवण. सोलमधल्या ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यात मुदपाकखान्याच्या इमारती २०१५ साली पुन्हा उभारून लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. तिथे गेलात तर अंतर पायांनी मोजून बघा. गरम जेवण गरम का राहत नसे ते लगेच कळतं.

दिवसात पाच वेळा खाणं असे. पहाटे काढा किंवा पेज, दहाच्या सुमारास पहिलं मोठं पान, दुपारी शेवया किंवा हलकं काही, संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसरं मोठं पान, रात्री थोडा फराळ. पहाटेच्या पेजांत ‘तारकजुक’ मानाची. तारक म्हणजे दूध, जुक म्हणजे पेज. कोरियात तेव्हा दूध दुर्मीळ, ते औषधातच मोडे, म्हणून ही पेज मुदपाकखाना करत नसे, राजवैद्यांचं खातं करे, तेही हिवाळ्यात.

करायला सोपी आहे. एक वाटी तांदूळ दोन तास भिजवून, निथळून, एक वाटी पाण्यात गंधासारखे वाटा आणि गाळा. आणखी दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर लाकडी उलथन्याने ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन मिश्रण काचेसारखं आणि चिकट झालं की मगच चार वाट्या दूध, तीन-चार वेळा थोडं थोडं करून. दूध आधीच ओतलं की तळाला लागतं आणि तांदळाचा कच्चा वास राहतो, ही नेहमीची चूक. मीठ वाढताना. आधी घातलं तर पेज सैल पडते असं तिथले जाणते सांगतात. वेलची, केशर असलं काही सुचत असेल तर आवरा. मग ती फिरनी होईल.

एका बाईच्या हातून

१९१० साली जपानने कोरिया गिळला आणि दरबार संपला. काही आचारी शहरात उपाहारगृहांकडे वळले आणि दरबारी जेवण पैसे मोजून मिळू लागलं. राजवाड्यात शेवटच्या राणीभोवती थोड्या सेविका उरल्या. त्यांतली हान ही-सुन लहान वयात राजवाड्यात आलेली, मुदपाकखान्यात वाढलेली. १९४०च्या दशकात ह्वांग हे-सॉंग नावाच्या महाविद्यालयीन शिक्षिकेने तिच्याकडे जायला सुरुवात केली आणि अनेक वर्षं तिचा हात बघत पाककृती मोजून-मापून लिहून काढल्या. १९७१ साली कोरिया सरकारने जोसॉन दरबारी पाककलेला राष्ट्रीय वारसा ठरवून ३८ वा क्रमांक दिला आणि हान ही-सुन तिची पहिली अधिकृत वारसदार ठरली. पुढच्याच वर्षी ती वारली. तिच्यानंतर ह्वांग, आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी हान बोक-र्यो.

म्हणजे आज आपल्या हाती दोन धागे आहेत: एका शेवटच्या पिढीच्या हातांतली सवय आणि सरकारी दफ्तरातली यादी. दोन्ही जुळतातच असं नाही. दफ्तर सांगतं किती तीळ, किती अंडी. सुरी कशी धरायची ते सांगत नाही. हाताला सुरी कळते, पण तीनशे वर्षांपूर्वीचं काही माहीत नसतं. दरबारी जेवणाचा जीव सुरीतच आहे, त्यामुळे हा हातांचा धागा तुटला असता तर यादी वाचून कुणाला काही फारसं करता आलं नसतं.

सुरीची परीक्षा: गुजॉलपान

हे सुरीचं प्रकरण समजून घ्यायला गुजॉलपानसारखा पदार्थ नाही. गुजॉलपान म्हणजे नऊ कप्प्यांची थाळी. भोवती आठ कप्प्यांत आठ जिन्नस, मधल्या कप्प्यात कागदासारखी धिरडी. आठांत पांढरा, पिवळा, हिरवा, लाल आणि काळा हे पाचही रंग यायलाच हवेत. चार जणांसाठी १०० ग्रॅम बिनचरबीचं गोमांस, ५ वाळलेली शिताके अळंबी, मूठभर सॉगी, २ काकड्या, १ गाजर, दीडशे ग्रॅम मुगाचे लांब मोड आणि ३ अंडी. अंड्यातून दोन जिन्नस होतात, पांढरा आणि पिवळा.

सॉगी म्हणजे कातळावर उगवणारं काळं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं ते लांबचं भावंड, पण त्याच्या जागी आपलं चालणार नाही. आपल्या दगडफुलाला उग्र वास आहे, सॉगीला जवळपास नाही. गरम पाण्यात भिजवून आतल्या बाजूचं शेवाळ दोन तळहातांत चोळून काढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, मधली दगडाला चिकटलेली कडक गाठ खुडायची आणि मग विडीसारखी गुंडाळी करून केसासारखं कापायचं. गाठ राहिली तर दाताखाली वाळू येते. सॉगी नसेल तर काळी कानासारखी अळंबी घ्या.

सगळे काप ५ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद. काकडीचे ५ सेंटिमीटरचे तुकडे करून सुरी गोल फिरवत सालीसकट पातळ पट्टी सोलून काढतात, बियांचा मधला भाग टाकतात, मग पट्टीचे काप. मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळायचे, मोठ्या आचेवर अर्धा मिनिट परतायचे आणि लगेच ताटात पसरायचे. ढिगात ठेवले की स्वतःच्याच वाफेत पिवळट पडतात. मांस तंतूंच्या दिशेने कापायचं, आडवं नाही. आडवे काप परतताना तुटतात. त्याला एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा साखर, लसूण, पातीचा कांदा, तिळाचं तेल, मिरपूड. मोड उकळत्या पाण्यातून काढून मीठ-तेल लावायचे, डोकं आणि शेपूट खुडून. होय, प्रत्येक मोडाचं. कंटाळा इथेच येतो आणि राजाचं पान इथेच ओळखू येतं.

अंड्याचा पांढरा आणि पिवळा बलक वेगळा करा, चिमूटभर मीठ घाला आणि फेटू नका. काडीने कापल्यासारखं हलवा आणि गाळणीतून गाळा. तवा तापवून तेल लावा, कागदाने पुसून घ्या, आच अगदी बारीक करा आणि २ मिलिमीटर जाडीचा थर ओता. वरचा ओलेपणा गेला की काडी मधोमध खालून सरकवून उचला आणि उलटा. बुडबुडे आले तर आच मोठी होती किंवा अंडं फेटलं गेलं. तपकिरी डाग पडला तर तो भाग टाकायचा, दुसरा इलाज नाही. पूर्ण गार झाल्यावरच कापायचं, गरम कापलं की कडा फाटतात.

परतायचा क्रम ठरलेला, म्हणजे एकच तवा मध्ये न घासता पुरतो: आधी अंड्याचा पांढरा, मग पिवळा, काकडी, गाजर, अळंबी, आणि मांस शेवटी. क्रम उलटला की काकडीला मांसाचा रंग लागतो.

धिरड्यांसाठी एक वाटी मैदा, सव्वा वाटी पाणी, अर्धा लहान चमचा मीठ. गाळून अर्धा तास ठेवा. पीठ घावनाच्या पिठापेक्षाही थोडं सैल हवं. तेल पुसलेल्या तव्यावर चमचाभर टाकून ८ सेंटिमीटरचं गोल, मंद आचेवर. रंग अजिबात येऊ द्यायचा नाही. तेल जास्त झालं की जाळी पडते, आणि इथे जाळी हा दोष. गरम धिरडी एकावर एक ठेवली की चिकटून एक गठ्ठा होतो. त्यावर राजवाड्याची युक्ती अशी की गार झालेल्या दोन धिरड्यांमध्ये एखाददुसरा पाइन नट ठेवायचा. पाइन नटाच्या टोकाला एक बारीकशी तपकिरी टोपी असते. तीसुद्धा आधी काढतात.

सोबत मोहरीचा सॉस. मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं उबदार जागी झाकून ठेवा, मग व्हिनेगर, साखर, मीठ आणि थोडा सोया सॉस. मोहरीचा झणका तिच्यातल्या एका विकरामुळे तयार होतो. उकळतं पाणी घातलं तर तो विकर मरतो आणि हाती उरतो नुसता कडवटपणा. खाताना एक धिरडं ताटलीत पसरा, आठही कप्प्यांतून काडीने दोन-दोन तंतू घ्या, सॉसचा थेंब टाका आणि गुंडाळी करा. एका घासात जाईल एवढीच.